कापसाच्या खोलीतली बैलबंडी

साहेब आमच्या घरी उतरले त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं होतं, की हा गोरा म्हातारा जमीन मोजायला आला आहे. मुकुटबनच्या बाजूला खाणी आणि कारखाने आल्यापासून आमच्याकडे कुणी अनोळखी माणूस गाडीतून तिपाई काढताना दिसला, की लोक आधी सातबारा कुठे ठेवलाय ते बघतात. साहेबांच्या सामानात तर तीन तिपाया होत्या. पारावर कुणीतरी बाबांना विचारलंच, "कोनाचं वावर मोजून राह्यला जी तुमचा पाव्हना?" बाबांनी खरं होतं तेच सांगितलं, "वावर नाही मोजत. मातीचे बैल चालोते." त्यानंतर तर आम्ही काहीतरी लपवतोय याबद्दल कुणाला शंकाच उरली नाही.

साहेब मूळचे इंग्लंडचे, समुद्रकाठच्या एका लहान गावचे. ॲनिमेशनच्या चित्रपटांचे निर्माते. त्यांची माझी ओळख हैदराबादेतली. मी नागपूरला चित्रकला शिकले आणि हैदराबादच्या एका स्टुडिओत पोटापाण्याला लागले. तिथे विलायतेतल्या पोरांसाठी कार्टूनच्या मालिका बनत. म्हणजे गोष्ट तिकडची, माणसं तिकडची, महत्त्वाची चित्रंही तिकडेच काढलेली. आमच्याकडे यायची ती मधली चित्रं. ससा उडी मारायला वाकला हे चित्र तिकडून येणार, ससा पलीकडे टेकला हेही तिकडूनच येणार, आणि मध्ये हवेत असलेला सगळा ससा आम्ही काढायचा. माझी तरुणपणाची बरीच वर्षं अशी हवेत गेली. लग्नाचं विचारू नका, तेही तिथेच कुठेतरी राहिलं.

बाकीचे निर्माते यायचे ते घड्याळ दाखवायला. साहेब यायचे ते प्रश्न विचारायला. खुर्चीमागे येऊन उभे राहत आणि विचारत, "तू सशाचा हा कान त्या कानाच्या आधी का हलवलास?" पहिल्यांदा मला वाटलं, आता नोकरी जाते. पण त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. मी "माहीत नाही" म्हटलं की ते म्हणत, "छान. शोध, आणि पुढच्या वेळी मला सांग." आणि पुढच्या वेळी आल्यावर न विसरता विचारत. या एका खोडीपायी मी त्यांना कायमचं लक्षात ठेवलं.

पुढे मधली चित्रं संगणकच काढायला लागला, स्टुडिओला टाळं लागलं, आणि मी गावी परत आले. आता पांढरकवड्याला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भावी सरपंचांना गोरं करते, त्यांच्या गॉगलमध्ये आभाळ घालते. पोट भरतं. फक्त मी कोणता कान आधी हलवला हे तिथे कुणी विचारत नाही.

अशात एकदा साहेबांचा फोन आला. वर्षं लोटली होती, तरी आवाज लगेच ओळखला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. पहिलाच प्रश्न होता, "तुझ्या वडिलांकडे अजून बैल आहेत का?"

होते. आमच्या गावात आता ट्रॅक्टरच जास्त, पण बाबांनी एक जोडी ठेवली आहे, एक पांढरा आणि एक तांबडा. डवऱ्याच्या पाळीला, म्हणजे उभ्या पिकातलं तण काढताना, ट्रॅक्टर कापसाच्या पऱ्हाटीत शिरत नाही असं ते कारण सांगतात. ते खरंही आहे. पण डवरणी संपल्यावरही ते तासन्‌तास गोठ्यात बसलेले असतात, त्याला ट्रॅक्टरशी काही संबंध नाही.

बैल कशाला हवेत ते साहेबांनी आल्यावर सांगितलं. हैदराबादच्या त्या दिवसांत एकदा नागपूरहून मोटारीनं जाताना त्यांची गाडी पांढरकवड्याच्या अलीकडे बंद पडली होती. मेकॅनिक येईपर्यंत ते ढाब्याच्या खाटेवर बसून राहिले. समोर काळं रान, आणि रानाच्या पार त्या टोकाला एक बैलबंडी. बंडी येत होती. यांचा चहा झाला, जेवण झालं, तरी बंडी येतच होती. "मी जन्मभर वस्तू हलवल्या," साहेब म्हणाले, "पण इतकं सावकाश आणि इतकं न थांबता काही जाताना मी कधी बघितलं नव्हतं. ती बंडी माझ्या डोक्यातून गेलीच नाही." म्हणून त्यांना एक चित्रपट करायचा होता. एक बंडी या टोकाकडून त्या टोकाला जाते, एवढाच.

"आणि पुढे?" मी विचारलं.

"पुढे काही नाही. ती जाते."

मी मनात म्हटलं, म्हातारा कामातून गेला. बाबांना सांगितलं तेव्हा ते तर चकितच झाले. "बंडी पाह्यले इतक्या दुरून आला? आपली तं रोजच जाते."

चहा आला. साहेबांनी बशी उचलली आणि कप खडखड वाजायला लागला. त्यांनी तो खाली ठेवला, उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि मला सरळच सांगून टाकलं. हाताला कंप आहे, तो वाढत जाणार, डॉक्टरांनी लपवलेलं नाही. सकाळी गोळी घेतल्यावर थोडे तास हात माझा असतो, ते म्हणाले, मग दिवसभर तो त्याचा त्याचा असतो. मला एकच गोष्ट पुरी करायची आहे, माझ्या स्वतःच्या हातानं, मध्ये कुठेही न तोडता. पुढच्या वर्षी हा हात कामाचा उरणार नाही.

बाबांनी त्यांना कापूस भरायची खोली दिली. पावसाळ्यात ती रिकामीच असते. "कापूस घरात येईस्तोवर खोली तुमची," बाबा म्हणाले. म्हणजे दोन गोष्टींची मुदत होती, हाताची आणि कापसाची, आणि दोन्ही कुणाच्या ताब्यात नव्हत्या.

खोलीत एक लांब टेबल लावलं. त्यावर आमच्याच वावरातली माती चाळून पसरली, तिची वाट केली. खिडक्यांना पोती ठोकली, म्हणजे ऊन मध्येच आत येऊन घोळ करणार नाही. बैल मी आणि साहेबांनी मिळून घडवले. आत तारेचा सांगाडा, वरून न वाळणारी माती. समोर बाबांची जोडीच बसवली होती नमुन्याला, त्यामुळे एक पांढरा आणि एक तांबडा, तांबड्याचं एक शिंग थोडं वाकडं. जू आणि जुवातल्या शिवळा, म्हणजे बैलाची मान धरून ठेवणाऱ्या खुंट्या, बाबांनी बांबूच्या कामट्यांतून तासून दिल्या. शिवळ आगपेटीच्या काडीहून बारीक, पण जुवात नीट बसायची आणि निघायचीही. नुसत्या दिसण्यापुरत्या खुंट्या करायच्या हे बाबांना पटलंच नव्हतं.

मग काम सुरू झालं. बैलाचा एक पाय नखाएवढा पुढे घ्यायचा, मान किंचित खाली, चाक केसभर फिरवायचं, बाजूला व्हायचं, फोटो काढायचा. पुन्हा पाय. पुन्हा मान. सकाळभर असं राबलं की पडद्यावर बंडी दोन-तीन सेकंद चालायची. साहेबांना मध्ये एकही तोड नको होती. सगळी वाट एका दमात दिसायला हवी होती, आणि म्हणून दिवस संपला की बंडी जिथे आहे तिथेच, आहे तशीच ठेवायची. एखाद्याचा धक्का लागला, बैल इकडचा तिकडे झाला, तर जोड दिसणार. पंखा लावायचा नाही, कुणी हात लावायचा नाही, हे मी घरात सगळ्यांना दहादा बजावलं.

हात चालत असताना साहेब बोलत, आणि आता प्रश्न विचारायची पाळी माझी होती. त्यांचे वडील बसचे कंडक्टर. उरलेल्या तिकिटांच्या गठ्ठ्यांवर हे चित्रं काढत आणि अंगठ्यानं भर्रकन पानं सोडून एक माणूस टोपी काढताना बघत. शाळेत यापायी मार खाल्ला. सोळाव्या वर्षी एका स्टुडिओत पेन्सिली तासायला लागले, मग काचेसारख्या पारदर्शक कागदांवरचे शाईचे डाग पुसायला, मग साबणाच्या जाहिरातीत बुडबुडे हलवायला. बुडबुडे बरे जमले म्हणून लहान मुलांच्या कार्यक्रमात बाहुल्या हलवायला मिळाल्या. तिथे नाव झालं. आणि नाव झालं तसं लोकांनी त्यांना निर्माता केलं.

"निर्माता म्हणजे नक्की काय?" मी विचारलं. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, पण हे कधी विचारलं नव्हतं.

"ज्याला कशालाही हात लावता येत नाही तो," ते म्हणाले. "बाकीचे हात लावतात, आणि तो त्यांना जेवायची सुट्टी देतो." अर्धं आयुष्य त्यांनी बाहुलीला बोट लावलं नव्हतं. दुसऱ्यांची कामं पुरी करून देण्यात हात रिकामेच राहिले. त्या कामातून सुटले तेव्हा कळलं की ते आता धड रिकामेही बसत नाहीत.

बाबा दुपारी शेतातून आले की दारात बसून बघायचे. त्यांना कुतूहल होतं, पण वेगळंच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "राती सोडत नाही का हे बैलं?"

"नाही बाबा. जुपलेलेच ठेवा लागते."

"काहून?"

मी समजावलं. बाबांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. साहेबांना मी बाबांचं म्हणणं सांगितलं, तर त्यांना ते फार आवडलं. त्यांनी उलट बाबांनाच पाचपन्नास प्रश्न विचारले. बैल थकला हे कसं कळतं? आधी काय बदलतं, पाय का मान? डाव्या बाजूच्या बैलाला उजवीकडे जुंपलं तर काय होतं? बाबा उत्तरं देऊन थकले. "हा मानूस लेकराच्या वर काहून-काहून करते," ते मला म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी गुपचूप शेतातून लवकर आले. आणि जाताना पुन्हा म्हणाले, "राती तरी सोडत जा म्हना. गयाले जू लागून राह्यते."

आणि पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा घट्टे पडून कडक होतो, त्यावर तूप आणि हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि बैलाला आवतण द्यायचं की उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी जुवाला हातही लावायचा नाही. गावात कितीही वाईट शेतकरी असला तरी पोळ्याला बैल जुपणार नाही. बाबांनी गोठ्यात आपल्या जोडीचं सगळं यथासांग केलं. मी आणि आई पुरणाच्या डाळीत होतो. बाबा वाटी घेऊन गोठ्यातून निघाले आणि आत न येता कापसाच्या खोलीकडे गेले, हे आमच्यापैकी कुणी बघितलं नाही. त्या खोलीची किल्ली त्यांच्याच करदोट्याला असायची.

सकाळी साहेब म्हणाले, सण आहे ते ठाऊक आहे, पण तासभर तरी काम करू. हात आज बरा आहे. आम्ही दार उघडलं.

बैल बंडीपासून सोडलेले होते. दोघं शेजारी शेजारी उभे, तोंडं भिंतीकडे वळवलेली. दोघांच्या खांद्यांवर तूप आणि हळद, माती पिवळी झालेली. समोर पळसाच्या पानाचा एक तुकडा, त्यावर चिमूटभर गूळ. जू काढून बंडीला टेकवून ठेवलं होतं आणि चारही शिवळा त्याच्याजवळ ओळीनं मांडल्या होत्या.

साहेबांच्या तोंडून एक शब्द निघाला, तो इथे लिहीत नाही. मी ओरडूनच बाबांना बोलावलं. बाबा नवं धोतर नेसून, कपाळाला कुंकू लावून, हातात बैलाचं बाशिंग घेऊन हसतच आले.

"बाबा, कोनं सोडले हे?"

"म्या सोडले. काहून?"

"हात लावाचा नाही म्हनून सांगितलं नव्हतं का तुमाले?"

"अवो बाई, पोया हाये आज," बाबा म्हणाले. मलाच काही कळत नसल्यासारखं. "आजच्या दिवशी बैल जुपून ठेवते का कोनी?"

"मातीचे हायेत ते!"

"मातीचे असो नाही तं लाकडाचे. जू तं जूच हाये. दोन महिन्यांपासून एक रात सोडले नाही बिचाऱ्याइले. पाव्हन्याले कितीदा सांगतलं म्या."

मग मात्र माझा तोल गेला. सणाच्या सकाळी, पाहुण्यासमोर, मी बाबांना नाही नाही ते बोलले. या माणसाचा हात जाऊन राह्यला, त्याचं आयुष्यभराचं एकच काम होतं, ते तुम्ही गुळाच्या खड्यापायी घालवलंत. बाबा ऐकत राहिले. त्यांनी टेबलाकडे बघितलं, साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, कारण साहेब तोवर बाहेर निघून गेले होते. "मंग आता?" ते हळूच म्हणाले. ते बाशिंग घेऊन गेले.

साहेब मला गोठ्यात सापडले. खऱ्या बैलांपाशी उभे होते. डावा हात पांढऱ्याच्या खांद्यावर, तुपानं बोटं माखलेली. "इथे खरंच एवढं कडक असतं?" त्यांनी विचारलं. मग थोड्या वेळानं म्हणाले, "ते काय म्हणाले ते सगळं मला सांग. गाळू नकोस." मी सांगितलं. दोन महिने सोडले नाहीत, हे ऐकल्यावर त्यांनी पांढऱ्याच्या खांद्यावरून पुन्हा एकदा हात फिरवला. राग गेला होता असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या रागातही एक प्रश्न शिल्लक होता, आणि तो त्यांना गप्प बसू देईना. "आणि पुन्हा कधी जुंपायचे?" ते म्हणाले. "त्यांना विचार. त्यांच्या रीतीनं करू."

बाबांनी परवाचा दिवस सांगितला. संध्याकाळी साहेब आमच्या जोडीमागे, गावचे सगळे बैल जमतात त्या तोरणाखाली जाऊन उभे राहिले. झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची गाणी, ऐकल्या, कळलं काही नाही, पण प्रत्येक झडतीनंतर सगळ्यांबरोबर हात वर केला. रात्री पुरणपोळी खाल्ली, वाटीभर तुपाशी. बाबा आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. त्यामुळे त्या जेवणात भाषांतराला कुणीच नव्हतं आणि ते दोघं खुणांनीच बोलले.

ठरल्या दिवशी आम्ही सुरुवात केली. कॅमेरा हलला नव्हता, एवढंच नशीब. शेवटचा फोटो पडद्यावर फिकट लावून ठेवायचा आणि बैल पडद्यावर त्या सावलीशी तंतोतंत जुळतील असे आणून उभे करायचे. हळद मातीत मुरली होती, ती निघेना. साहेबांनी शेवटी ती राहू दिली. "चालता चालता अचानक यांचे खांदे पिवळे का झाले, असं तिकडे कुणी विचारलं, तर मी त्याला तुझ्या वडिलांकडे पाठवेन," ते म्हणाले.

पण खांद्याचं निभावलं तरी हाताचं निभेना. पुन्हा जुंपायचं म्हणजे त्या चार शिवळा भोकांत घालायच्या. सकाळची गोळी घेऊनही शिवळ भोकापाशी जाऊन थरथरत राही. एकदा त्यांचा हात तांबड्याला लागला, बैल आडवा पडला, पायातली तार मोडली. मी ती जोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी हात खिशात घातला आणि म्हणाले, "आता तू कर."

"नाही," मी म्हटलं. "हे तुमच्या हाताचं आहे. मी केलं तर मग तुम्ही पुन्हा निर्माते झालात." हे मी मुद्दामच लागेल असं बोलले. ते लागलं. शिवळा टेबलावर तशाच पडून राहिल्या.

बाबा दारातच होते. अबोला त्यांनीच मोडला, पण माझ्याशी न बोलता, साहेबांकडे बघून. "दोघं मिळून करा ना. नवा गोऱ्हा जुवाले लावाचा असला तं म्हाताऱ्या बैलाबराबर जुपतेत."

मी भाषांतर केलं. साहेब बऱ्याच दिवसांनी हसले. "म्हातारा कोण ते समजलं. पण गोऱ्हा म्हणजे तू?" चाळिशी उलटलेला गोऱ्हा मी तरी दुसरा बघितलेला नाही. पण उपाय चांगला होता. डावा पांढरा त्यांचा, उजवा तांबडा माझा. शिवळा मी घातल्या, बंडीचं चाक मी फिरवलं. पांढऱ्याचा प्रत्येक पाय मात्र त्यांनीच पुढे घेतला, कितीही वेळ लागला तरी. कधी कधी एका फोटोला अर्धी सकाळ जायची. बंडी पुन्हा चालू लागली.

इकडे वावरात बोंडं फुटली. बाबांनी खोलीचं नावही काढलं नाही. पहिल्या वेच्याचा कापूस आला तेव्हा त्यांनी तो स्वतःच्या झोपायच्या खोलीत भरला आणि खाट ओसरीवर आणली. मी म्हटलं, "बाबा, थंडी पडून राह्यली." ते म्हणाले, "पाव्हन्याची बंडी घरी पोचू दे आधी." मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

टेबलावर वीतभर वाट उरली होती तेव्हा साहेबांनी एका दुपारी बाबांना बोलावलं आणि तोवरचं सगळं पडद्यावर लावलं. बाबांनी आपले बैल असे पहिल्यांदाच बघितले. बंडी निघाली, काळ्या वाटेनं येत राहिली. खांदे पिवळे झाले तिथे बाबा थोडे हसले. मग हसू गेलं. ते पुढे वाकून बघायला लागले. माझा तांबडा ताठ चालत होता. साहेबांचा पांढरा पाय टेकवताना थरथरत होता, मान मध्येच हिसका घेत होती, पाऊल टेकलं की पुन्हा जागेवरून जरा सरकत होतं.

"डावा थकला," बाबा म्हणाले. "लय थकला हो. याच्यानं आता नाही होत. सोडा याले."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आजवर मी प्रत्येक शब्द भाषांतर करून दिला होता. बाबांना हाताचं ठाऊक होतं, पण ते हाताबद्दल बोलत नव्हते. ते बैलाबद्दलच बोलत होते, त्यांनी गोठ्यात असा बैल बघितलेला होता. मी कितीही गोड शब्द शोधले तरी इंग्रजीत ते तेवढंच निघणार होतं. मी आहे तसं सांगितलं.

साहेबांनी ते सगळं पुन्हा एकदा लावलं. पुन्हा बघितलं. मग त्यांनी पांढरा बैल टेबलावर हळूच माझ्या बाजूला सरकवला आणि ते आपल्या खुर्चीत मागे टेकून बसले.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही बैल माझे. सकाळभर काम केलं, लावून बघितलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. पांढरा एकदम तरणाताठा झाला होता. इतका वेळ थरथरत आलेला बैल शेवटच्या वळणावर जवान होऊन चालत होता, आणि ते खोटं होतं. मी सगळं पुसलं. मग मी ठरवलं की तो थरथरलाच पाहिजे. नीट हातानं मी एकेका पायात कंप घालत गेले. पाय पुढे, किंचित मागे, पुन्हा पुढे. मान खाली, हिसका, खाली. मधली चित्रं काढण्यात जन्म गेला माझा, मला वाटलं, हे जमेल.

साहेबांनी ते बघितलं. मला भीती वाटत होती. एखाद्या माणसाला त्याचंच दुखणं असं पडद्यावर चालवून दाखवावं का, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते डोळ्यांना चष्मा लावून अगदी जवळ गेले, तीनदा बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. सशाच्या कानाबद्दल विचारताना दिसत, तसेच ते दिसत होते.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. "तू प्रत्येक वेळी सारखं हलवलंयस. ते सारखं नसतं. कधी थांबतं. आपण त्याला विसरलो की थांबतं, आणि काही धरायला गेलं की सुरू होतं." मग त्यांनी चष्मा काढला. "खरं म्हणजे ते कसं असतं हे मीही कधी बघितलं नाही. मी नेहमी लपवतच आलो."

त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि दिव्याखाली, माझ्यासमोर टेबलावर ठेवला. शेजारी एक शिवळ ठेवली आणि बोटं तिच्याकडे न्यायला लागले. बोटं थरथरली, थांबली, पुन्हा थरथरली. आम्ही दोघंही वाकून बघत होतो.

"नीट बघ," ते म्हणाले. "घाई नाही. बघ, मग कर."

मी कितीतरी वेळ तो हात बघत राहिले, आणि उरलेली वीतभर वाट पांढऱ्याला त्याच्यासारखं चालवलं.